खोकल्याचा सगळा दोष विडीला नको

घरात कोणी खोकू लागले की पहिला प्रश्न विचारला जातो तो विडीचा. निपाणी-चिकोडीकडे विडीची तंबाखू पिकते, तेव्हा हा प्रश्न आपल्या तोंडी येणे साहजिकच आहे. विडीची बाजू घ्यावी म्हणून आम्ही हे लिहीत नाही. विडी वाईटच. पण तेवढे विचारून आपण थांबतो, आणि चुलीपुढच्या बाईच्या व खळ्यावरच्या गड्याच्या खोकल्याकडे कोणी पाहत नाही, ही आमची तक्रार आहे.

फुप्फुसे काम कसे करतात ते आधी पाहू. छाती आणि पोट यांच्यामध्ये पडद्यासारखा एक स्नायू आहे. तो खाली ओढला गेला की छातीची पोकळी वाढते व हवा आत येते; तो सैल पडला की हवा बाहेर जाते. स्वस्थ बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण १२ ते २० वेळा श्वास घेतो आणि दर वेळी सुमारे अर्धा लिटर हवा आत घेतो. ही हवा झाडाच्या फांद्यांसारख्या बारीक होत गेलेल्या नळ्यांतून शेवटी वायुकोशांत पोहोचते. असे वायुकोश ३० कोटी किंवा त्याहूनही अधिक असतात. त्यांच्या भिंती इतक्या पातळ की प्राणवायू सहज रक्तात जातो आणि रक्तातील अशुद्ध वायू बाहेर पडतो. नळ्यांना आतून चिकट अस्तर असते व त्यावर केसांसारखे सूक्ष्म तंतू. चिकटलेली धूळ हे तंतू रात्रंदिवस घशाकडे ढकलीत असतात. धुराने ही झाडलोट मंदावते. धूर विडीचा की शेणीचा, हे फुप्फुस विचारीत नाही.

आयुष्यात कधी विडीला न शिवलेल्या आजीबाई चार पावले चालल्या की धापा टाकतात, याला आपण म्हातारपण म्हणतो. पुष्कळदा तो दीर्घकाळचा श्वासनलिकेचा विकार असतो. तीस-चाळीस वर्षांच्या चुलीने तो दिलेला असतो. जे वायुकोश एकदा फाटले ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. औषधाने पुढचा त्रास कमी करता येतो, एवढेच. चुलीजवळ मांडीवर घेतलेल्या लहान मुलाला या धुराने न्यूमोनियाचा धोका वाढतो. २०१६ साली उज्ज्वला योजना सुरू झाल्यापासून पुष्कळ घरांत गॅस आला खरा, पण कित्येक ठिकाणी तो चहापुरताच पेटतो. भाकरी आणि आंघोळीचे पाणी लाकडावरच. सिलिंडर महाग आहे हे आम्हांला ठाऊक आहे. तरी मोटारसायकलच्या पेट्रोलला पैसे निघतात आणि सिलिंडरला निघत नाहीत, हा हिशेब घरच्या पुरुषांनी एकदा करून पाहावा. ज्यांना गॅस खरोखरच परवडत नाही त्यांनी धुराडे असलेली निर्धूर चूल घालावी. निदान न्हाणीची चूल घराबाहेर काढावी.

आता खळ्याकडे वळू. ओलसर राहून बुरसटलेला कडबा किंवा गवत गंजीतून उपसताना पांढरट धूळ उडते. ती बुरशीची व सूक्ष्म जंतूंची असते. गुऱ्हाळावर साठून कुजलेल्या चिपाडाचीही तीच गोष्ट. सकाळी हे काम केलेल्या गड्याला चार ते आठ तासांनी थंडी वाजते, ताप येतो, छाती भरून येते. घरचे म्हणतात हिवताप आला. एक-दोन दिवसांत उतरतोही, म्हणून कोणी डॉक्टरांना कडब्याविषयी सांगत नाही. असे वर्षानुवर्षे होत राहिले तर फुप्फुसे कठीण होत जातात. तेव्हा वैरण चांगली वाळवूनच रचावी. बुरसटलेली उघड्यावर, थोडे पाणी शिंपडून हलवावी. मळणीच्या वेळी वाऱ्याच्या वरच्या अंगाला उभे राहावे व नाकातोंडावर चांगला मास्क बांधावा. तो नसेल तर कापडाची दुहेरी घडी. तिने बारीक धूळ सगळी अडत नाही, पण उघड्या नाकापेक्षा बरे.

हे सारे सांगितले तरी एक गोष्ट विसरून चालणार नाही. दोन आठवड्यांहून अधिक टिकलेला खोकला धुराचाच किंवा धुळीचाच असेल, असे घरी बसून ठरवू नये. तो क्षयही असू शकतो. क्षयाचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी १८८२ साली बर्लिन येथे जाहीर केला, पण आपल्याकडे अजूनही काही घरांत हा रोग शाप समजून झाकला जातो, विशेषतः मुलगी लग्नाची असली तर. रोग्याला घरापासून तोडण्याचे कारण नाही. घरी राहून औषध घेणारा रोगी सॅनेटोरियममधील रोग्याइतकाच बरा होतो, हे मद्रास येथील अभ्यासाने १९५९ सालीच दाखवून दिले. साध्या क्षयाला साधारण सहा महिने औषध लागते. सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळते, आणि पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० वरून १००० रुपये झाली आहे. महिना-दीड महिन्यात भूक लागू लागते, अंग भरते आणि गोळ्या सुटतात. तेथेच घात होतो. उरलेले जंतू मग त्या औषधाला दाद देईनासे होतात.

तपासणीसाठी थुंकी नव्हे, बेडका द्यावा लागतो. सकाळी उठल्यावर चूळ भरावी, मोकळ्या हवेत इतरांपासून दूर उभे राहावे, दोन-तीन वेळा खोल श्वास घ्यावा आणि छातीतून खोकून जे येईल ते दवाखान्याने दिलेल्या डबीत घेऊन झाकण घट्ट लावावे. डबी त्याच दिवशी पोहोचवावी. सोबत घरात चूल आहे का आणि गेल्या महिन्यात कोणते काम केले, हेही डॉक्टरांना सांगावे.