कॅमेरा बसवला, पण तो चालतो का?



आपल्या वस्त्यांत, चाळींत आणि नव्या इमारतींतही आता दारावर छोटा कॅमेरा दिसू लागला आहे. ही काही चैन राहिलेली नाही. नवरा दुसऱ्या पाळीला, बायको कामावर आणि मुले संध्याकाळी एकटीच घरी, असा ज्यांचा संसार आहे त्यांना मुले पोचली का, दार कोणी वाजवले, हे मोबाईलवर पाहता येणे हा मोठाच आधार असतो. परंतु अलीकडे आमच्याकडे एकच तक्रार वारंवार येते. कॅमेरा मधूनमधून बंद पडतो. दुकानदार सांगतो, एक्स्टेंडर घ्या. लोक घेतात, आणि कॅमेरा तरीही बंद पडतो. म्हणून या वेळी याच विषयावर चार गोष्टी सांगत आहोत.

आमच्या माहितीतल्या एका कुटुंबाचे उदाहरण घेऊ. एकामागे एक अशा तीन खोल्या. इंटरनेटचा राऊटर शेवटच्या खोलीत, लोखंडी कपाटावर. कॅमेरा पुढच्या दारावर. मध्ये दोन आरसीसी भिंती. एक्स्टेंडर आणला तो कॅमेऱ्याच्या शेजारच्याच प्लगमध्ये लावला, कारण सिग्नल तिथे कमी होता! चूक नेमकी इथेच होते. एक्स्टेंडर स्वतः इंटरनेट तयार करत नाही. राऊटरकडून येणारा सिग्नल तो पकडतो आणि पुढे पाठवतो. जिथे सिग्नल पोचतच नाही तिथे तो लावला, तर तो पुढे पाठवणार काय? एक्स्टेंडरची जागा राऊटर आणि कॅमेरा यांच्या साधारण मध्यावर, जिथे मोबाईलवर सिग्नल चांगला दिसतो अशा ठिकाणी. या घरात तो मधल्या खोलीत हलवला आणि काम झाले.

तरीही आमचा आग्रह असा की, पैसे खर्च करण्यापूर्वी बिनखर्चाचे उपाय करून पाहा. राऊटर कपाटामागून, टीव्हीमागून काढून उंचावर, मोकळ्या जागी ठेवा. लोखंडी कपाट, पत्र्याची भिंत, पाण्याची टाकी, आरसा आणि सळईचा स्लॅब यांनी सिग्नल अडतो. जमल्यास केबलवाल्याला सांगून राऊटरच मधल्या खोलीत घ्या. चार-पाच मीटर वायर वाढवणे एक्स्टेंडरपेक्षा स्वस्त पडते. आणि कॅमेऱ्याला लॅन वायरची जोडणी असेल, तर वायर टाकण्यासारखे पक्के काम दुसरे नाही. ही वायर १०० मीटरपर्यंत चालते आणि भिंतींचा तिला काही त्रास नाही.

एक्स्टेंडर घ्यायचाच झाला तर पुढील गोष्टी ध्यानात ठेवा. घरचे वायफाय बहुधा दोन पट्ट्यांवर चालते, २.४ गिगाहर्ट्झ आणि ५ गिगाहर्ट्झ. पहिला पट्टा वेगाने कमी, पण भिंतींपलीकडे अधिक दूर जातो. बहुतेक स्वस्त कॅमेरे फक्त २.४ वरच चालतात. म्हणून कॅमेरा जोडताना मोबाईलही २.४ च्या नेटवर्कवर असावा, नाहीतर पुष्कळदा जोडणीच होत नाही. एक्स्टेंडरने जुन्याच नावाचे नेटवर्क दिले तर ठीक. त्याचे नाव वेगळे असेल, तर कॅमेऱ्यात ते नवे नाव आणि पासवर्ड पुन्हा भरावा लागतो. हे न केल्याने कॅमेरा जुन्या, दुबळ्या सिग्नललाच चिकटून राहतो आणि माणूस एक्स्टेंडरला दोष देतो.

साधा एक्स्टेंडर एकाच पट्ट्यावर घेतो आणि त्याच पट्ट्यावर देतो, त्यामुळे वेग जवळजवळ निम्मा होतो. एका कॅमेऱ्याला याची अडचण येत नाही. पण एका एक्स्टेंडरला दुसरा आणि दुसऱ्याला तिसरा अशी साखळी लावू नये.

आता थोडा हिशेब. स्पष्ट चित्राचा, म्हणजे १०८० पिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला साधारण २ मेगाबिट पाठवतो असे धरू. सतत चालला तर तासाला सुमारे ०.९ जीबी आणि दिवसाला २१ जीबीहून अधिक नोंद होते. ६४ जीबीचे मेमरी कार्ड जेमतेम तीन दिवसांत भरते आणि मग जुने चित्र पुसून नवे चढते. चोरी झाल्यावर चौथ्या दिवशी कार्ड काढले तर हाती काही लागणार नाही. हालचाल झाली तरच नोंद व्हावी, अशी सोय बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती चालू करा. आणि काही घडले तर तो भाग त्याच दिवशी मोबाईलमध्ये उतरवून ठेवा.

आणखी एक गोष्ट बहुतेकजण विसरतात, ती विजेची. वीज गेली की राऊटर, एक्स्टेंडर आणि कॅमेरा तिन्ही बंद. १२ व्होल्टचा छोटा यूपीएस मिळतो. त्यावर राऊटर आणि १२ व्होल्टचा कॅमेरा चालू शकतो, पण भिंतीच्या प्लगात बसणारा एक्स्टेंडर त्यावर चालत नाही. ज्यांच्याकडे वीज वारंवार जाते, त्यांनी म्हणूनच राऊटर जवळ आणावा किंवा वायर टाकावी, हे बरे.

पासवर्डविषयी मात्र कडक बोलावे लागेल. पेटीवर छापलेला मूळ पासवर्ड तसाच ठेवणे म्हणजे कुलूप लावून किल्ली दारालाच टांगणे. ऑक्टोबर २०१६ मध्ये 'मिराई' नावाच्या घातक प्रोग्रॅमने असेच मूळ पासवर्ड असलेले कॅमेरे आणि राऊटर हजारोंनी ताब्यात घेतले. त्यांच्या माऱ्याने अमेरिकेतील ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा काही तास विस्कळीत झाल्या. घरोघरीच्या मालकांना त्याचा पत्ताही नव्हता. तेव्हा राऊटर, एक्स्टेंडर आणि कॅमेरा या तिन्हींचे पासवर्ड बदला. मुलांची जन्मतारीख किंवा मोबाईल नंबर पासवर्ड म्हणून ठेवू नका. कंपनीकडून नवी सुधारणा आली की ती घ्या. बसवून देणाऱ्या माणसाच्या मोबाईलमध्ये आपला कॅमेरा जोडलेला राहिला नाही ना, हे त्याच्यासमोरच तपासा.

शेवटचा मुद्दा शेजारधर्माचा. चाळीत दार समोरासमोर असते. नळ, संडास, जिना सामाईक असतो. आपला कॅमेरा शेजारणीच्या दाराकडे किंवा नळावर रोखलेला असेल, तर ते सुरक्षा नव्हे, पाळत आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या खंडपीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्णय दिला. संविधानातील अनुच्छेद २१ चा तो भाग आहे. कोणाच्या शरीराच्या खासगी भागाचे चित्र संमतीविना टिपणे किंवा पसरवणे हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६-ई खाली गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कॅमेऱ्याचे तोंड आपल्या उंबरठ्यापुरते ठेवा आणि बसवण्यापूर्वी शेजाऱ्यांना मोबाईलवर दाखवा, यात एवढेच दिसते म्हणून. पुष्कळ भांडणे तिथेच मिटतात. घराच्या आत कॅमेरा लावायचा असेल तर घरातल्या बायकांना, वाढत्या मुलींना आधी विचारा. सासऱ्याने किंवा दिराने परस्पर लावलेल्या कॅमेऱ्याखाली सुनेने दिवसभर वावरायचे, हे आम्हाला मान्य नाही.

भगिनींनो, कॅमेरा बंद असतानाही तो चालू आहे असे समजून आपण निर्धास्त राहतो, खरा धोका हा आहे. त्यासाठी दर रविवारी पाच मिनिटे द्या. मोबाईलवर चित्र येते का, कालची नोंद कार्डात आहे का, तारीख-वेळ बरोबर आहे का, एवढे पाहा. हे काम आठवी-नववीतल्या मुलाकडे किंवा मुलीकडे सोपवा, त्यांना ते आपल्यापेक्षा लवकर जमते. आणि मुले एकटी असताना शेजारच्या घरी सांगून जाण्याची आपली जुनी रीत सोडू नका. दार ठोठावल्यावर धावून येणे कॅमेऱ्याला जमत नाही.