अठरा पूर्ण झाली, आता राहायचे कुठे?

महाराष्ट्रात 1 जून हा असंख्य लोकांचा कागदोपत्री वाढदिवस आहे, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनी तीच तारीख टाकली. घरात वाढलेल्या मुलाचे त्यावाचून काही अडत नाही. पण जन्मदाखला नसलेल्या, बालगृहात वाढलेल्या मुलाचे वय शाळेच्या नोंदीवरून आणि तीही नसेल तर वैद्यकीय तपासणीवरून ठरते, आणि त्या अंदाजी तारखेला त्याच्या डोक्यावरचे छप्पर जाते. तारीख जानेवारीतली असेल तर बारावीची परीक्षा तोंडावर आलेली असते. जूनमधली असेल तर प्रवेशाची धावपळ आणि पाऊस एकदमच सुरू होतात. मुदत वाढवून मिळते कधी कधी, पण ती कुणाच्या तरी मेहेरबानीवर. असा मुलगा पुढे फलाटावर किंवा हॉटेलच्या भटारखान्यात झोपू लागला, तर त्याला नशिबाने नव्हे, सरकारने बेघर केले असेच म्हणावे लागेल.

कागदावर सोय चांगली आहे. बाल न्याय कायदा 2015 चा आणि त्याखालचे आदर्श नियम 2016 चे. त्यांत एकविसाव्या वर्षापर्यंत, अपवाद म्हणून तेविसाव्या वर्षापर्यंत अनुरक्षणाची, म्हणजे संस्था सोडल्यानंतरच्या मदतीची, तरतूद आहे. सहा ते आठ जणांनी मिळून राहण्याच्या तात्पुरत्या घरांचा उल्लेख आहे. संस्था सोडण्याच्या दोन महिने आधी पुढचा आराखडा बालकल्याण समितीपुढे यावा असेही म्हटले आहे. पण ही मदत हक्क म्हणून मिळत नाही, आणि सगळे तिथेच अडते. शिवाय ती अपुरी आहे: ‘मिशन वात्सल्य’ योजनेखाली अशा तरुणाला महिना 4,000 रुपये, म्हणजे वर्षाला 48,000. याच राज्याने ‘स्वाधार’ योजनेत, वसतिगृह न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्याला मुंबई-पुण्यात वर्षाला 60,000 रुपये लागतात हे मान्य केले आहे. ज्याला सुटीत जायलाही घर नाही, त्याचा खर्च त्याहून कमी कसा? आणि प्रश्न नुसत्या भाड्याचा नाही. कॉट बेसिसवर जागा मागायला गेले की डिपॉझिट, कायमचा पत्ता, आणि मग तो प्रश्न येतो: ‘घरी कोण कोण असतं?’ 2018 साली राज्याने अनाथांना 1 टक्का समांतर आरक्षण दिले, ते योग्यच झाले. पण स्पर्धा परीक्षेच्या तयारीला दोन-तीन वर्षे लागतात, आणि तेवढा काळ एका जागी पुस्तके ठेवता आली नाहीत तर त्या आरक्षणापर्यंत पोचणार कोण?

गरीब घरातली मुलेही अठराव्या वर्षी कमवायला बाहेर पडतात, मग यांचेच लाड का, असे काही जण विचारतात. ती मुले आजारी पडली, नोकरी सुटली, तर एसटीने गावी परततात. या मुलांना परतायला गाव नाही. फरक एवढाच आहे आणि तो फार मोठा आहे. रात्रनिवारे आहेत की, हे दुसरे उत्तर. सर्वोच्च न्यायालयाने शहरात लाखभर लोकसंख्येमागे एक निवारा हवा असे बजावले, तरी 2011 च्या जनगणनेत एकट्या मुंबईत सुमारे 57,000 बेघर मोजले गेले. ते निवारे वाढलेच पाहिजेत. पण सर्व वयांच्या माणसांसोबत रात्र काढण्याची जागा ही कॉलेजला जाणाऱ्या मुलीची राहण्याची जागा होऊ शकत नाही. राहता राहिला ‘आयत्या मदतीची सवय लागेल’ हा आक्षेप. इंग्लंडमध्ये सरकारी देखभालीतून बाहेर पडलेल्या तरुणाला पंचविसाव्या वर्षापर्यंत सल्लागार मिळतो. मुले परावलंबी होतील या भीतीने तिथल्या संसदेने ती मुदत कमी केली नाही, उलट 2017 च्या कायद्याने वाढवली.

म्हणून महिला व बालविकास विभागाने तीन गोष्टी शासन निर्णयातच लिहाव्यात: सोळाव्या वर्षी आराखडा, तेविसाव्या वर्षापर्यंत हक्काची जागा, आणि डिपॉझिटसाठी सरकारची हमी. आणि ज्यांच्याकडे भाड्याने द्यायला खोली आहे, त्यांनी घरच्यांची चौकशी करण्याआधी त्या मुलाची नोकरी किंवा कॉलेजचे ओळखपत्र बघावे आणि खोली द्यावी.