गाईडमधला निबंध

नातवाचं क्वांटिटेटिव्ह फायनान्समधलं मास्टर्स पूर्ण होऊन आठ महिने झाले, नोकरी नाही. शैक्षणिक कर्जाचे हप्ते लवकरच सुरू होतील. घरात त्या विषयावर कोणी बोलत नाही, म्हणजे काय ते समजा.

महिन्यापूर्वी मी त्याला म्हटलं, "तुझा बायोडाटा दाखव बघू." मी मराठी आणि इतिहास शिकवलेली बाई, मला त्यातलं काय कळणार? पण त्याने दाखवला. चार मित्रांचेही दाखवले. ब्लॅक-शोल्स, माँटे कार्लो, पायथन, सी प्लस प्लस... पाचही कागद सारखेच! नावं झाकली तर कोणाचा कोणता ते ओळखू येऊ नये.

मला दहावीच्या वह्या आठवल्या. 'पावसाळ्यातील एक दिवस' म्हटलं की चाळीस वह्यांत गाईडमधला एकच निबंध, तेच मोर, तेच इंद्रधनुष्य. एका मुलीने मात्र छप्पर गळायला लागलं की घरात कुठलं भांडं कुठे ठेवतात ते लिहिलं होतं. शुद्धलेखन यथातथाच, पण आज मला तोच निबंध आठवतो.

"यात तुझं स्वतःचं काय आहे?" मी विचारलं.

बराच वेळ गप्प. मग म्हणाला, "एक प्रोजेक्ट होतं, पण फसलं." आज निफ्टीत असलेल्या ५० कंपन्या घेऊन त्याने मागच्या दहा वर्षांचा हिशेब मांडला होता. नफा भरघोस! मग लक्षात आलं, मधल्या काळात घसरून यादीबाहेर गेलेल्या कंपन्या हिशेबात नव्हत्याच. त्या धरल्या आणि नफा उडाला.

"अरे, म्हणजे पास झालेल्यांचेच पेपर मोजून शाळेचा निकाल शंभर टक्के लावलास!"

तो हसला. कित्येक दिवसांनी.

"मग हेच लिही की."

"अपयश कोण लिहितं, आजी?"

माझं मत असं, की तेच लिहावं. शोल्स आणि मर्टन यांना १९९७ साली याच गणितासाठी अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. १९९८ साली ते भागीदार असलेला लाँग टर्म कॅपिटल मॅनेजमेंट हा फंड बुडायला आला. १४ बँकांनी सुमारे ३६० कोटी डॉलर घालून तो सावरला. सूत्र येणारे पुष्कळ असतात. ते कुठे दगा देतं हे हात पोळून शिकलेला, आणि माझ्यासारखीलाही समजेल असं सांगू शकणारा विरळा.

अर्थात गणित कच्चं असेल तर याचा काही उपयोग नाही. मुलाखतीत संभाव्यतेची कोडी घालतातच, ती सुटायलाच हवीत. शुद्धलेखन हवंच, पण नुसत्या शुद्धलेखनावर निबंध लक्षात राहत नाही.

ते प्रोजेक्ट आता बायोडाट्यात सगळ्यात वर आहे. गेल्या आठवड्यात एका मुलाखतीत अर्धा तास त्यावरच बोलणं झालं म्हणे. उत्तर अजून यायचंय.

असो. तुमच्या घरी असं कोणी कागद घेऊन बसलेलं असेल, तर त्याचं काय फसलं ते एकदा विचारून बघा.