दुचाकीवरच्या ओझ्याचा हिशेब

जून महिना लागला, की अनेक घरांतील तरुणांच्या तोंडी लेह-लडाखची भाषा येते. वाहन कोणते, सोबती कोण, रजा किती दिवसांची, हे सारे उत्साहाने ठरत असते. सामान कशात न्यायचे, हा प्रश्न मात्र निघण्याच्या आठवड्यापर्यंत लांबणीवर पडतो. मग घाईघाईने बाजारातील सर्वांत मोठी आणि चकचकीत पेट्यांची जोडी घेतली जाते. वडीलधारी मंडळी पैसे देतात आणि सामान मजबूत पेटीत आहे, म्हणजे मुलगाही सुखरूप राहील, असे समाधान मानतात. हे समाधान दर वेळी खरे ठरत नाही. पक्क्या सडकेवर जी पेटी सोयीची, तीच खडकाळ वाटेवर अडचणीची आणि कधी कधी इजेचीही ठरते.

याचे कारण वाहनाच्या स्वभावात आहे. पक्का रस्ता आणि कच्ची वाट, दोन्ही ठिकाणी चालणाऱ्या मोटारसायकलला ‘ड्युअल स्पोर्ट’ म्हणतात. 1968 साली यामाहाने अमेरिकेत आणलेल्या डीटी-1 या गाडीने हा प्रकार लोकप्रिय केला. आपल्याकडे हिरोची इम्पल्स 2011 साली आली; पुढे 2016 साली रॉयल एनफिल्डची हिमालयन आणि 2019 साली हिरोची एक्सपल्स 200 आली, तेव्हा या वाहनांना खरा ग्राहक मिळाला. उंच बैठक, लांब दबणारे शॉकॲब्सॉर्बर आणि पुढचे 21 इंची चाक, ही या दोन्ही गाड्यांची ओळख. अशी गाडी वाळूत, चिखलात किंवा नाल्यातील गोट्यांवर कमी वेगात आडवी होणे, हा कच्च्या वाटेवरचा नेहमीचा प्रसंग आहे. म्हणून सामानाची निवड करताना ‘यात किती मावेल?’ हा पहिला प्रश्न नव्हे. ‘गाडी आडवी झाली, तर चालकाचे, गाडीचे आणि सामानाचे काय होईल?’ हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

त्याआधी एक साधी वजाबाकी करावी. प्रत्येक वाहनाचे इंधनासह रिकामे वजन आणि भारासह कमाल वजन कंपनीने ठरवून दिलेले असते. या दोहोंतील फरक म्हणजे वाहनाची मंजूर मर्यादा. व्यापारी कुटुंबांना मर्यादेचा अर्थ वेगळा सांगायला नको. समजा, ही मर्यादा 180 किलो आहे. चालक 75 किलोचा. त्याचे शिरस्त्राण, जाकीट, बूट मिळून 10 किलो. शिल्लक 95. मागे 60 किलोचा सोबती बसला आणि त्याचा पोशाख 8 किलोचा धरला, तर शिल्लक 27. आता ॲल्युमिनियमच्या दोन पेट्या आणि त्यांची लोखंडी चौकट रिकामीच 12 ते 15 किलो भरते. म्हणजे एक कपडाही न भरता शिल्लक रकमेतील निम्मी उचल झाली. शिवाय मागच्या कॅरियरला स्वतंत्र मर्यादा असते, तीही थोडक्या किलोंची. ती ओलांडली, तर खड्ड्याखड्ड्यांतून बसणाऱ्या हादऱ्यांनी बैठकीखालची चौकट वाकते किंवा तिचा जोड तुटतो. दुर्गम भागात असा जोड लावणारा कारागीर शोधण्यातच एक दिवस मोडतो.

ॲल्युमिनियमच्या पेट्यांना जी प्रतिष्ठा मिळाली, तिच्यामागे एक प्रवास आहे. 2004 साली इवान मॅग्रेगर आणि चार्ली बूरमन हे दोन अभिनेते बीएमडब्ल्यूच्या मोठ्या गाड्यांवरून लंडनहून पूर्वेकडे निघून न्यूयॉर्कला पोहोचले. त्या प्रवासाची चित्रमालिका जगभर पाहिली गेली आणि दोन्ही बाजूंना चौकोनी पेट्या लावलेली गाडी हेच साहसी प्रवासाचे चित्र लोकांच्या मनात बसले. पेटीचे गुण खरेच आहेत. तिला कुलूप लागते, पाऊस आत येत नाही, कॅमेरा किंवा लॅपटॉप सुरक्षित राहतो आणि मुक्कामाच्या ठिकाणी तिचे झाकण टेबलासारखे वापरता येते. प्रवासाचा बहुतेक भाग डांबरी रस्त्यावर असेल आणि गाडी गावोगाव बाजारात उभी करावी लागणार असेल, तर पेटी घेण्यात काही चूक नाही.

परंतु खडकाळ वाटेवर हिशेब बदलतो. गाडी डळमळली, की चालक आपसूक पाय खाली टेकतो. गाडी पुढे सरकत असते, पाय जमिनीवर रुतलेला असतो आणि मागून पेटीची कठीण कड पोटरीवर येते. पाय पेटी आणि जमीन यांच्यामध्ये अडकला, तर घोटा किंवा नडगीचे हाड मोडण्याचा धोका असतो. शिवाय पेट्यांमुळे गाडीची रुंदी हँडलच्या बरोबरीची किंवा तिच्याहून जास्त होते. हँडल निघाले म्हणून गाडी निघेल, असे समजून चालक दोन दगडांच्या किंवा ट्रक आणि कठड्याच्या मधून जातो, तेव्हा पेटी घासते आणि गाडी एका बाजूला फेकली जाते. पडल्यावर ॲल्युमिनियम वाकते, कधी चौकटही वाकते आणि मग झाकण नीट बसत नाही. ठोकून ते सरळ करता येते. प्लॅस्टिकची पेटी मात्र तडकली, की रस्त्यात तिच्यावर फारसा इलाज नसतो.

म्हणूनच कच्च्या वाटेवर जास्त फिरणारे लोक जाड कापडाच्या पिशव्यांकडे वळले. नायलॉनच्या किंवा आवरण चढवलेल्या ताडपत्रीसारख्या कापडाच्या या पिशव्या गाडी पडली तर दबतात, पायाला पेटीसारखी कठीण कड लागत नाही आणि फाटल्या तर सुई-दोऱ्याने शिवता येतात. यांचे दोन प्रकार आहेत. एकात बाजूला हलकी चौकट लावून तिच्यावर पिशवी बसवतात. दुसऱ्यात चौकटच नसते. घोड्याच्या नालेच्या आकाराची पिशवी बैठकीवरून दोन्ही बाजूंना सोडून पट्ट्यांनी आवळतात. परदेशी कंपन्यांचा माल महाग पडतो; परंतु आता बंगळुरूची व्हायाटेरा, मुंबईची रायनॉक्स अशा भारतीय कंपन्याही अशा पिशव्या बनवतात. पिशवीचे दोषही लक्षात घ्यावेत. तिला भक्कम कुलूप लागत नाही आणि धारदार पाते तिला कापू शकते. मौल्यवान वस्तू आणि कागदपत्रे एका छोट्या सुट्या पिशवीत ठेवून ती कायम जवळ बाळगणे, हाच त्यावरचा उपाय.

कापडी पिशवी घेताना तीन गोष्टी दुकानातच तपासाव्यात. पहिली, सायलेन्सर. त्या बाजूची पिशवी आणि तापलेली नळी यांत पुरेसे अंतर हवे. गाडीवर दोन माणसे बसल्यावर मागचा भाग दबतो, तेव्हाही ते अंतर राहिले पाहिजे. नसेल, तर मध्ये धातूचा पत्रा लावून घ्यावा. दुसरी, पाणी. तोंड तीन-चार वेळा गुंडाळून बंद होणारी पिशवी चेनच्या पिशवीपेक्षा खात्रीची. वरून घालायचे पावसाळी आवरण वाऱ्याने उडते आणि नाला ओलांडताना तर खालून पाणी येते. तेथे आवरणाचा उपयोग नसतो. तिसरी, पट्टे. दोन्ही टोकांना आकडे असलेला रबरी दोर स्वस्त असतो, परंतु ताणलेला आकडा सुटून डोळ्याला लागू शकतो आणि सुटा दोर मागच्या चाकात गुंतला, तर चाक जागीच अडकते. बकलचे रुंद पट्टे वापरावेत आणि त्यांची उरलेली टोके बांधून टाकावीत.

आता सामान कोठे ठेवावे, ते पाहू. जड वस्तू खाली आणि गाडीच्या मध्याजवळ, हलक्या वस्तू वर आणि मागे, हा मुख्य नियम. हत्यारे, सुटे भाग आणि पाणी बाजूच्या पिशव्यांच्या तळाशी, चालकाच्या बाजूला भरावे. सर्वांत मागच्या टोकाला जड पेटी लावली, की ती तरफेसारखे काम करते. पुढचे चाक हलके होते आणि चढावर किंवा वाळूत हँडल हातात राहत नाही. दोन्ही बाजूंचे वजन शक्य तितके सारखे असावे. पाठीवर अडकवलेल्या पिशवीत फार तर पिण्याचे पाणी असावे. तेथे टणक हत्यारे ठेवून चालक पडला, तर तीच पाठीच्या कण्याला लागतात. भार वाढल्यावर मागच्या शॉकॲब्सॉर्बरची स्प्रिंग पुस्तिकेप्रमाणे घट्ट करावी आणि टायरमधील हवाही त्यानुसार ठेवावी.

मनाली ते लेह या मार्गावर हा हिशेब अधिक कठोर होतो. बारालाचा खिंड सुमारे 4,900 मीटर उंच, तांगलांग खिंड 5,300 मीटरांहूनही उंच. तेथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा असतो. मैदानात एकट्याने सहज उचलली जाणारी गाडी तेथे दोघांनाही धाप लावते. नवी हिमालयन 450 ही गाडी इंधनासह 196 किलोची आहे. तिच्यावर आणखी 40 किलो चढवले आणि ती नाल्याच्या काठी आडवी झाली, तर ती उभी करण्यातच चालकाचे बळ संपते. पट्टे सोडून पिशवी क्षणात बाजूला काढता येते, हा तिचा मोठा लाभ अशा वेळी कळतो.

याच मार्गावर तांडी येथील ‘पुढील पंप 365 किलोमीटरवर’ हा फलक प्रवाशांत प्रसिद्ध आहे. त्याच्या धास्तीने अनेकजण दोन-दोन कॅन बांधून नेतात. येथेही आधी आकडा मांडावा. हिमालयन 450 ची टाकी 17 लिटरची. डोंगरात लिटरला 25 किलोमीटर धरले, तरी 425 किलोमीटर होतात. म्हणजे तांडीला टाकी पूर्ण भरली, तर एखादा छोटा कॅन पुरेसा. पाच लिटर पेट्रोल म्हणजे जवळपास पावणेचार किलो; ते विनाकारण का वाहावे? जे न्यायचे, ते खास इंधनासाठी बनवलेल्या कॅनमध्ये, कपड्यांपासून आणि घरच्या सुक्या फराळापासून दूर, सायलेन्सरच्या विरुद्ध बाजूला बांधावे.

आठ-दहा दिवसांच्या प्रवासाला एका माणसास 40 ते 50 लिटरची जागा पुरते. त्याहून मोठी पिशवी घेतली, तर ती भरतेच. रिकामी जागा पाहून ‘हेही असू दे’ म्हणण्याचा मोह घरातल्या प्रत्येकाला होतो. कपडे तीन दिवसांचे न्यावेत आणि वाटेत धुवावेत. औषधे, पावसाळी पोशाख आणि वाहनाची कागदपत्रे सर्वांत आधी हाती येतील, अशी ठेवावीत. खरेदी निघण्याच्या किमान महिनाभर आधी करावी. सारे सामान बांधून ताम्हिणी किंवा वरंधसारख्या घाटातून, थोड्या कच्च्या वाटेवरून, एक दिवस फिरून यावे. कोणता पट्टा सैल पडतो, कोठे कापड घासते, कोणती वस्तू दिवसभर लागलीच नाही, हे त्या एका दिवसात कळते.

आणि एक गोष्ट घरातील मोठ्यांनी करावी. दुकानात वजनकाटा असतोच. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी दोन्ही पिशव्या त्याच्यावर ठेवून आकडा कागदावर लिहावा आणि तो मंजूर मर्यादेशी ताडून पाहावा. जास्त भरले, तर मुलासमोरच पिशवी उघडून काय वगळायचे, ते त्यालाच ठरवू द्यावे. वाटेत गाडी आडवी झालीच, तर ती एकट्याला उभी करावी लागेल, हे त्यालाच ठाऊक असले पाहिजे.