गणवेश पाहू नका, नोंदणी पाहा!

बारावीचा निकाल लागला की पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंतच्या वस्त्यांत विजेच्या खांबांवर पत्रके झळकू लागतात. एका वर्षात नर्स व्हा, शंभर टक्के नोकरी! कंत्राटी कामगार आई-बाप ते वाचतात, बचत गटाचे कर्ज काढतात आणि मुलीची फी भरतात. असेच एक प्रकरण आमच्याकडे आले. मुलगी वर्षभर शिकली, एका लहान इस्पितळात सहा महिने बिनपगारी राबली. हाती आलेल्या प्रमाणपत्रावर मात्र महाराष्ट्र परिचर्या परिषदेत नोंदणी होत नाही. अंगावर गणवेश आहे, पण कायद्याच्या लेखी ती परिचारिकाच नाही.

ही फसवणूक फक्त पैशाची नाही. नोंदणी नसलेल्या मुलीला सिस्टर म्हणून हाक मारायची, काम परिचारिकेचे करून घ्यायचे आणि पगार मावशीचा द्यायचा, अशी ही व्यवस्था आहे. कोणत्या समाजाच्या मुली या सापळ्यात सर्वाधिक सापडतात, हे चळवळीतील वाचकांना वेगळे सांगायला नको. प्लेगच्या साथीत रुग्णांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी सावित्रीमाईंनी पुण्यात देह ठेवला. ज्या सेवेसाठी माईंनी प्राण दिले, त्या सेवेच्या नावाने त्यांच्याच लेकींची लूट व्हावी?

म्हणून पालकांनी आधी मान्यताप्राप्त अभ्यासक्रम समजून घ्यावेत. एएनएम दोन वर्षांचा, जीएनएम तीन वर्षांचा आणि बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचा आहे. एका वर्षात कोणीही परिचारिका होत नाही. बीएस्सीसाठी बारावी विज्ञान आणि राज्याची सीईटी लागते; एएनएम व जीएनएमची दारे कला शाखेच्या मुलींनाही उघडी आहेत. पैसे भरण्यापूर्वी संस्थेला भारतीय परिचर्या परिषदेची आणि महाराष्ट्र परिचर्या परिषदेची मान्यता आहे काय, हे लेखी मागावे. २०२३ साली संसदेने परिचर्या व प्रसूतिविद्येसाठी राष्ट्रीय आयोगाचा नवा कायदा केला. त्याचाही कणा नोंदणी हाच आहे.

आणखी एक सोपी कसोटी आहे. शिष्यवृत्ती मान्यताप्राप्त अभ्यासक्रमालाच मिळते. १९९० च्या दुरुस्तीने बौद्धांना अनुसूचित जातीचे हक्क मिळाले. त्यामुळे अडीच लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या कुटुंबातील मुलीला भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळाल्यास डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. पिंपरी-चिंचवडमध्ये शिकणाऱ्या पात्र विद्यार्थ्याला तिच्यातून वर्षाला ६० हजार रुपये मिळतात. जी संस्था "आमच्याकडे शिष्यवृत्ती चालत नाही" असे सांगते, तिच्या दारातून परत फिरावे. व्यवस्थापन कोट्यातून प्रवेश घेतला तर ही सवलत हातची जाते, हेही लक्षात ठेवावे. जातवैधता प्रमाणपत्राचा अर्ज वेळेत करावा.

पुढे नोकऱ्या कोठे आहेत? पिंपरीतील यशवंतराव चव्हाण स्मृती रुग्णालय आहे, मोहननगरचे कामगार विमा रुग्णालय आहे. एएनएमला आरोग्य उपकेंद्र आहे, बीएस्सीला समुदाय आरोग्य अधिकारी आणि एम्सच्या परिचर्या अधिकारी पदाची परीक्षा आहे. आणि आपल्या पट्ट्यात आणखी एक जागा आहे, तिच्याकडे कोणाचे लक्ष नाही. ती म्हणजे कारखान्यातील परिचारिका.

बाबासाहेब मजूरमंत्री असताना १९४४ साली कामगारांच्या आरोग्य विम्याचा अदारकर अहवाल आला आणि १९४८ साली विमा कायदा झाला. त्याच वर्षीच्या कारखाना कायद्याने पाचशेहून अधिक कामगार असतील तेथे परिचर्या कर्मचाऱ्यांसह उपचार कक्ष बंधनकारक केला. २०२० च्या नव्या संहितेतही पाचशेचीच अट कायम राहिली. मग लहान कारखान्यांचे काय? ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात केकवर लावायच्या फटाका-मेणबत्त्या बनविणाऱ्या कारखान्याला आग लागली. सहा महिला कामगार जागीच गेल्या, नंतर हा आकडा वाढत गेला. अशा जागी परिचारिका नसते, कारण कायदाच ती मागत नाही. मोठ्या कारखान्यांतील कामगार संघटनांनीही एक प्रश्न विचारावा. आमच्या उपचार कक्षातील परिचारिका नोंदणीकृत आहे काय आणि ती कायम आहे की कंत्राटी?

नोंदणी झाली म्हणजे लढा संपला, असेही नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१६ च्या निर्देशानंतर नेमलेल्या समितीने पन्नासपेक्षा कमी खाटांच्या खासगी इस्पितळातही परिचारिकेला किमान २० हजार रुपये वेतन द्यावे, अशी शिफारस केली. दोनशेहून अधिक खाटा असतील तेथे शासकीय परिचारिकेइतके वेतन सुचविले. पण शिफारस म्हणजे कायदा नव्हे. राज्याने तो करावा, ही मागणी चळवळीने उचलली पाहिजे.

तोवर आपण काय करू शकतो? निकालाच्या हंगामात प्रत्येक विहारात एक टेबल मांडावे. एक वकील, एक सेवेत असलेली परिचारिका आणि अर्ज भरून देणारे दोन तरुण एवढे पुरे आहेत. ज्या मुली फसल्या, त्यांनी लाजून गप्प बसू नये. पावती आणि पत्रक जपून ठेवावे आणि भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली तक्रार द्यावी. लाज फसविणाऱ्याला वाटली पाहिजे, फसलेल्या मुलीला नव्हे.

बाबासाहेबांनी आपल्याला शिका म्हणून सांगितले. काय शिकायचे आणि कोठे शिकायचे, हे पारखून घेणे ही आता आपली जबाबदारी आहे. जय भीम!