लोकशाही फक्त आपल्यापुरती?

आपल्या मोबाइलवर रोज दोन वाद चालतात. एकात आपण संविधान पुढे करतो, कलम १४ आणि २१ सांगतो. दुसऱ्यात तृतीयपंथीयांचा विषय निघतो आणि आपलेच लोक लिहितात, 'हे समाजाला मान्य नाही.'

मला विचारायचं आहे, कुठल्या समाजाला? उद्या बहुसंख्य समाज म्हणाला, 'तुमची अजान, तुमचा हिजाब आम्हाला मान्य नाही,' तर? आजच म्हणतो आहे. तेव्हा आपण सांगतो की हक्क बहुमताच्या मर्जीवर ठरत नाहीत. हे उत्तर खरं असेल, तर सगळ्यांसाठी खरं आहे.

१५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा खटल्यात स्वतःची लिंगओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. आधार आपण रोज सांगतो त्याच कलमांचा होता. पुढे तृतीयपंथीयांविषयीचा कायदा आला आणि ओळखीसाठी जिल्हा दंडाधिकाऱ्याचं प्रमाणपत्र मागू लागला. त्यावर आणि सीएएवर राष्ट्रपतींची सही एकाच महिन्यात झाली, डिसेंबर २०१९ मध्ये. 'तू कोण आहेस ते कागदावर सिद्ध कर,' या मागणीतला अपमान आपल्याला कुणी समजावून सांगायची गरज आहे का?

'ही पाश्चात्त्य फॅशन आहे,' असं काही जण म्हणतात. मुघल दरबारात ख्वाजासरा मोठ्या हुद्द्यांवर होते. हिजड्यांची पोलिसी नोंद ठेवायला लावली ती इंग्रजांनी, १८७१ च्या क्रिमिनल ट्राइब्स ॲक्टने. कल्याणजवळच्या हाजी मलंगच्या उरुसाला तृतीयपंथी आजही येतात. तिथे त्यांची दुआ आपल्याला चालते. मग मोहल्ल्यात त्यांना भाड्याने खोली द्यायला का चालत नाही?

'पण शरियत?' फिक्हच्या जुन्या ग्रंथांत खुन्साच्या वारसाहक्काची आणि नमाजातल्या जागेची चर्चा आहे. आजच्या प्रत्येक ट्रान्स व्यक्तीला ती लागू होते का, यावर उलेमांनी खुशाल वाद घालावा. मी फतवा मागत नाही. खोली, नोकरी, दवाखान्यात नीट वागणूक आणि रस्त्यावर सुरक्षितता, एवढ्यासाठी फतवा लागत नाही, नागरिक असणं पुरतं.

तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर कुणी त्यांची टिंगल केली, तर हसण्याची इमोजी टाकू नका. एकच प्रश्न टाका : 'हेच वाक्य आपल्याबद्दल कुणी लिहिलं असतं, तर तू काय उत्तर दिलं असतंस?' जे उत्तर येईल, तेच त्यांचंही उत्तर आहे.