पणजीचे माहेर

इंग्लंडात आठव्या हेन्रीच्या अमदानीत, १५३८ साली, हुकूम झाला की प्रत्येक गावच्या चर्चने बाप्तिस्मा, विवाह व दफन यांची नोंद ठेवावी. तेथील शिरगणतीची नावनिशीवार पत्रकेही १८४१ पासूनची बहुतांशी जपलेली आहेत व शंभर वर्षांनंतर ती पाहावयास मिळतात. आमच्या हैदराबाद संस्थानातही १८८१ साली शिरगणती झाली. परंतु मागे उरले ते आकडे, माणसे नव्हेत. मग आपण आपल्या पूर्वजांचा माग काढावा कोठे?

चर्चच्या नोंदवहीच्या जवळची वस्तू आपल्याकडे एकच : तीर्थोपाध्यायांची वही. नाशिक-त्र्यंबकेश्वरी जाऊन गाव, जात व आडनाव सांगावे. उपाध्याय बासन सोडतात आणि यात्रेस आलेल्या पूर्वजाच्या हातची मोडी अक्षरे समोर येतात. बाप, आजा, बंधू, पुत्र, सर्वांची नावे.

मात्र आडनावानेच पुष्कळदा घोटाळा होतो. भाग्यनगरीतील देशपांडे, कुलकर्णी, देशमुख ही मुळात वतनांची नावे. मूळ उपनाव व गाव ठाऊक नसेल, तर शेकडो कुलकर्ण्यांतून आपला कुलकर्णी ओळखावा कसा? तारनाक्याच्या अभिलेखागारात जावे, तर तेथील जुने दप्तर फारसीत, नंतरचे उर्दूत. उर्दूत ‘ण’ नाही, ‘ळ’ नाही. तेथे काळ्यांचे ‘काले’ होतात. सालही फसली. १३५७ फसलीत ५९० मिळवावेत, म्हणजे १९४७ चा शरद ऋतू हाती येतो. घरच्या कागदांचे म्हणाल, तर १९०८ च्या मुसीच्या पुराने कित्येकांची दप्तरे घरांसकट नेली.

शाळेच्या दाखल-रजिस्टराचा आधार घ्यावा, तर आमच्या पिढीतील अर्धा वर्ग एक जूनलाच जन्मलेला! जन्मतिथी घरी कोणी टिपलेली नसे. मास्तर सोयीची तारीख घालीत. तेव्हा त्या रजिस्टरातील गाव व पालकाचे नाव खरे मानावे, तारीख मानू नये.

इतके करूनही अर्धे कुळ अंधारातच राहते. वतनाच्या कागदांत स्त्रीचे नाव क्वचित. श्राद्धाच्या संकल्पात आई, आजी, पणजी यांचा उच्चार होतो खरा, पण तो सासरच्या नावाने. लग्नात नाव पालटले की माहेरची मुलगी कागदावरून पुसली जाते. पुरुषांच्या सात पिढ्या सापडतात. पणजी कोणाची लेक, ते सापडत नाही.

त्याचे दप्तर एकच आहे : घरातील सर्वांत वृद्ध आत्या, मावशी अथवा आजी. मोडीचा कागद आणखी दहा वर्षे वाट पाहील. ही वाट पाहणार नाही. वाचकहो, नाशिकचे तिकीट मागाहून काढा. आधी तिच्याजवळ वही घेऊन बसा आणि पहिला प्रश्न विचारा : तुझ्या आईचे माहेरचे नाव काय?